आधी दगडाला धार, मग सुरीला : वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात घरातल्या सुऱ्यांबद्दल लिहिताना एक वाक्य सहज लिहून गेलो होतो, की सुरीला धार टिकत नसेल तर आधी ती ज्या दगडावर लावली तो दगड बघा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर दगडालाच देतोय. मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला तीस वर्षं काढली, आता कोपरीला छोट्याशा गाळ्यात धार लावायचं काम करतो, त्यामुळे जे सांगतोय ते हाताने केलेलं आहे. सारखे सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत.

काका नमस्कार. माझे वडील सायकलवर दगड लावून सोसायट्यांमधून फिरायचे, सुरी कात्री विळी सगळं करायचे. आता त्यांचे गुडघे गेले म्हणून मी सहा इंची बेंच ग्राइंडर घेऊन बसलोय. सुरुवातीला मस्त चालला, पण चार महिन्यांत दगड गुळगुळीत झालाय, चकाकतो, सुरी लावली की नुसता आवाज येतो, माल निघत नाही. मग दाबावं लागतं, दाबलं की कड निळी होते. गिऱ्हाईक म्हणतं तुझ्या वडिलांची धार महिनाभर टिकायची, तुझी आठ दिवसांत जाते. नवीन दगड घेऊ का? (कळवा)

नको घेऊस. आहे तो दगड अजून पुष्कळ शिल्लक आहे, तो फक्त बोथट झालाय. दगडसुद्धा बोथट होतो हे पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही, आपल्याला वाटतं दगड तो दगड, त्याला काय होतंय.

असं बघ, ग्राइंडिंग व्हील म्हणजे हजारो बारीक टोकदार खडे आणि त्यांना एकमेकांना धरून ठेवणारा बंध, आणि मधे मधे मोकळी भोकं. प्रत्येक खडा म्हणजे एक बारकी छिन्नी समज. छिन्नी काम करून बोथट झाली की ती तुटून तरी नवीन टोक निघालं पाहिजे नाहीतर गळून तरी पडली पाहिजे, म्हणजे मागची नवीन छिन्नी पुढे येते, चांगला दगड असाच स्वतःला ताजा ठेवत झिजतो. पण बंध जर फार घट्ट असला तर तो बोथट खडेसुद्धा सोडत नाही, आणि मग सगळा दगड वरून काचेसारखा होतो, त्याला आम्ही ग्लेझ झाला म्हणतो. तुझं हेच झालंय. दुसरा आजार म्हणजे दगड भरणं, त्यात खड्यांमधल्या भोकांत लोखंडाचा चुरा बसतो आणि वर काळे रुपेरी डाग दिसतात. उजेडात तिरका धरून बघ, सगळीकडे सारखी चमक म्हणजे ग्लेझ, डाग डाग म्हणजे भरलाय. दोन्हीला औषध एकच, ड्रेसिंग, म्हणजे दगडाचं तोंड खरवडून ताजं करणं.

ड्रेसिंगला स्टार ड्रेसर मिळतो, दांड्याला पुढे दातेरी चकत्या असतात, किंवा डायमंड ड्रेसर. स्टारने दगड पटकन उघडतो पण जास्त खातो, डायमंडने कमी खातो आणि तोंड अगदी सरळ होतं. सहा इंची दगडाला, सुऱ्यांच्या कामाला, मी डायमंडच सांगेन. टूल रेस्टवर, म्हणजे दगडापुढच्या टेकूवर, टेकवायचा, टोक दगड फिरतो त्या दिशेने किंचित खाली झुकलेलं ठेवायचं, समोरून घुसवायचं नाही, आणि दगडाला जेमतेम स्पर्श करून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता न्यायचा, मधे थांबलास की तिथे चर पडलाच. आणि आता जे सांगतो ते नीट लक्षात ठेव कारण हे मला स्वतःला कळायला पाच-सहा वर्षं लागली, ड्रेसर हळू हळू सरकवला तर दगडाचं तोंड दिसायला सुंदर गुळगुळीत होतं पण तो बंद होतो आणि पुन्हा सुरी तापवतो. जरा झपकन सरकवला तर तोंड खडबडीत, उघडं राहतं आणि गार कापतं. सुरीसाठी हात झपकन. दोन-तीन फेऱ्यांत आवाज बदलतो, आधी सूं येत होता तो खर्र असा भरीव येतो. डोळ्यावर चष्मा, तोंडावर मास्क, कारण ती पूड नाकात गेली तर दिवसभर खोकशील.

आता निळ्या कडेचं. सुरीला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून विझवून परत साधारण दीडशे ते दोनशेच्या आसपास शेकलेलं असतं. दगडावर कड त्याच्या वर तापली की पाणी उतरतं, कड मऊ पडते, आणि मऊ कडेला तू कितीही धार लाव ती आठ दिवसांत बसणार. साध्या पोलादावर पिवळसर रंग दिसतो तेव्हा २२०-२३० अंश झालेले असतात आणि निळा म्हणजे जवळपास ३००. म्हणजे निळं दिसायच्या बरंच आधी नुकसान झालेलं असतं. स्टेनलेसच्या सुऱ्यांवर तर रंग अजून उशिरा येतो, त्यामुळे रंगावर विसंबूच नकोस, बोटावर विसंब. कडेच्या मागे बोट ठेव, चटका बसायच्या आत पाण्यात बुडव. एका वेळी दोन-तीन सेकंद, दगडाला नुसतं टेकवून एका चालीत टोकापर्यंत ओढायची, दाबायची नाही. ताज्या दगडाला दाबावं लागतच नाही, दाबावंसं वाटलं की समजायचं ड्रेसर काढायची वेळ झाली.

आणि वडिलांच्या धारेचं म्हणशील तर त्यांच्या हातात गुण होताच, पण वेगाचाही भाग आहे. पायाने फिरवलेला दगड सावकाश फिरतो, सुरी तापायला वेळच मिळत नाही. तुझी मोटर मिनिटाला साधारण २८५० फेरे मारते, सहा इंची दगडाची कड त्या वेगाला ताशी ८० किलोमीटरने पळते. त्या वेगात कागदासारखी पातळ कड जळायला किती वेळ लागतो. आणि एक विचारून बघ त्यांना, ग्राइंडरनंतर ते सुरी एखाद्या बारीक दगडावर किंवा चामड्यावर मारायचे का. दगडावरून उतरलेल्या सुरीला पलीकडच्या बाजूला बारीक तारेसारखी बर आलेली असते, ती काढली नाही तर धार आहे असं वाटतं आणि दुसऱ्या कांद्याला वाकते.

हा दगड संपला की मग पुढच्या वेळी पांढरा घे, ६० किंवा ८० नंबर. खाली ऐरोलीच्या पत्राला त्याबद्दल लिहिलंय ते वाच.

सर, ग्राइंडरसोबत आलेला दगड बदलायचा होता म्हणून दुकानातून नवीन आणला. भोक जरा मोठं वाटतंय, शाफ्टवर हलतो. मित्र म्हणतो टेप गुंडाळ. दोन्ही बाजूंना कागदाच्या चकत्या चिकटवल्या होत्या, पॅकिंग समजून मी त्या काढून टाकल्या. चालू करू का? (नेरुळ)

नाही. थांबा. बरं झालं आधी विचारलंत.

त्या कागदी चकत्या पॅकिंग नव्हत्या, त्यांना ब्लॉटर म्हणतात. दगड वरून सपाट दिसला तरी बारीक उंचसखल असतो, आणि लोखंडी वॉशर त्यावर थेट आवळला तर सगळा दाब दोन-तीन ठिकाणी येतो, तिथून तडा जातो. कागद तो दाब पसरवतो. म्हणून नवीन ब्लॉटर आणा, दुकानदाराकडे नसतील तर जाडसर पुठ्ठ्याचा तात्पुरता उपाय करण्यापेक्षा ब्लॉटर लावलेला दगडच आणा. वॉशर दोन्ही बाजूंना एकाच मापाचे हवेत, दगडाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश मोठे, आणि मधे खोलगट, म्हणजे फक्त कडेने टेकतील असे. टेप अजिबात नको. भोक मोठं असेल तर त्याच मापाचा प्लॅस्टिकचा बुश मिळतो तो घाला, दगड शाफ्टवर हाताने सरकला पाहिजे पण लटलटता कामा नये. ठोकून बसवायचाही नाही.

लावायच्या आधी दगड वाजवून बघा. उन्हाळ्यात माठ घेताना आपण कसा वाजवून घेतो, तसंच. भोकात बोट घालून दगड मोकळा लटकवा, स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीने कडेपासून इंच-दोन इंच आत, बरोबर मधल्या उभ्या रेषेवर नाही तर तिच्या दोन्ही बाजूंना तिरकं, हलकेच ठोका. मग दगड फिरवून परत. खणखणीत आवाज आला तर ठीक, थड्ड असा मेला आवाज आला तर तडा आहे, डोळ्याला दिसो न दिसो. दगड कोरडा हवा, ओला दगड चांगला असूनही थड्ड वाजतो. तडा असलेल्या दगडाचे हातोड्याने तुकडे करून टाका, नुसता कचऱ्यात टाकलात तर कोणीतरी उचलून मशीनला लावतो.

हे मी एवढं का सांगतोय, तर माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्या शॉपमध्ये एका मदतनीसाच्या हातून आठ इंची दगड पडला. दिसायला काही झालं नव्हतं, बिचाऱ्याने घाबरून कोणाला न सांगता परत लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केल्या केल्या फुटला. गार्ड होता म्हणून माणूस वाचला, पण गार्डचा पत्रा आतून असा फुगला होता की तो तुकडा आम्ही बरेच दिवस भिंतीला टांगून ठेवला होता, नवीन पोरांना दाखवायला. आठ इंची दगडाची कड २८५० फेऱ्यांना ताशी १०७ किलोमीटरने पळते, त्यावरून अंदाज घ्या.

अजून काही गोष्टी. दगडावर जास्तीत जास्त किती आरपीएम ते छापलेलं असतं, ते मोटरच्या पाटीपेक्षा जास्त असलंच पाहिजे. डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात, जोर लावून आटे मारू नका. नट घट्ट म्हणजे दगड फिरणार नाही एवढाच घट्ट. लावल्यावर बाजूला उभं राहून एक मिनिट रिकामा चालवा, दगडाच्या समोरच्या रेषेत कोणी नको, पोरं तर नाहीच. नवीन दगड थोडा हेलकावे खातो, ड्रेसरने गोल करून घ्या, मग मशीन थरथरायचं थांबतं. टूल रेस्ट आणि दगड यात ३ मिलीमीटरपेक्षा जास्त फट नको, गार्डच्या वरच्या पट्टीची ६ मिलीमीटरपर्यंत चालते, आणि दगड झिजेल तसं ते दोन्ही पुढे आणत राहायचं, ते कोणी करत नाही. कामही दगडाच्या तोंडावरच, सपाट बाजूवर सुरी दाबायची नाही, तो त्यासाठी बनवलेलाच नसतो.

याच विषयावर ठाण्याहून एकाने विचारलंय की जुना सहा इंची दगड हातातल्या अँगल ग्राइंडरला बसवता येईल का. चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे मारतो. तुमचा सहा इंची दगड त्याला लावला तर कड ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जाईल आणि हातातच फुटेल. कृपा करून हे करू नका.

दादा, मी दिवाळ्याची, मासळी विकते. आमचा मासे कापायचा कोयता धारवाल्याकडे देते तर दोन वर्षांत निम्मा झाला. मधे खळगा पण पडलाय, पापलेट एका घावात कापलं जात नाही, पाठीला चामडी राहते. धारवाला चुकतो का कोयता खराब? (दिवाळे कोळीवाडा)

ताई, कोयता चांगला आहे, उलट साध्या पोलादाचा जुना कोयता मिळत नाही हल्ली, जपा. त्याच्या दगडाचं तोंड एकदा बघा. माझी खात्री आहे की मधे चर पडलेला असेल, सगळे धारवाले दगडाच्या मधोमधच सुऱ्या लावतात त्यामुळे दगड मधे खोल आणि कडेला उंच होतो. अशा दगडावर मोठं पातं लावलं की त्या उंच कडा पात्यात घुसतात आणि खळगा पडतो, मग तो खळगा सरळ करायला अजून पोलाद घालवायचं, असं करत करत पातं संपतं. त्याला सांगा आधी दगड ड्रेस कर मग माझा कोयता घे. सांगायला संकोच करू नका, पैसे तुमचे, कोयता तुमचा. मच्छीमार्केटच्या बाहेर बसणाऱ्या एकाला मी असं सांगितलं होतं तर त्याने दुसऱ्या दिवशी ड्रेसर आणला आणि आता स्वतःच इतरांना सांगतो.

पण खरं म्हणजे तुम्हाला दर वेळी मशीनचा दगड लागतच नाही. मशीन खळगा काढायला, तुटलेलं टोक नीट करायला, वर्षातून एक-दोन वेळा. रोजच्याला निसणा, म्हणजे हाताने धार लावायचा दगड, ठेवा, दोन बाजूंचा, एक जाड एक बारीक. पाणी मारायचं, कोयता किंचित उचलून दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा ओढायचा. काटे तोडायचं पातं आहे म्हणून घरच्या भाजीच्या सुरीसारखा फार पातळ कोन नको, सुरीला दर बाजूला पंधरा-वीस अंश पुरतात, तुमच्या कोयत्याला पंचवीसच्या आसपास बरा. आणि संध्याकाळी खाऱ्या पाण्यातून काढून तसाच ठेवू नका, गोड्या पाण्याने धुऊन पुसून तेलाचं बोट फिरवा. रात्रीत कडेला चढलेला गंज म्हणजे गेलेली धारच.

निसणाही झिजतो बरं का, मधे वाटीसारखा होतो. फरशीच्या सपाट तुकड्यावर जाड वाळू आणि पाणी टाकून त्यावर घासला की परत सपाट होतो. माझी आजी दारातल्या पायरीवर करायची.

पांढरा, करडा, हिरवा असे तीन रंगांचे दगड दिसतात. दुकानदार म्हणाला हिरवा सगळ्यात कडक, तोच घ्या. आणि वर ए ६० के ५ व्ही असं काय काय लिहिलंय त्याचा अर्थ काय? (ऐरोली)

हिरवा सुऱ्यांसाठी घेऊ नका. तो सिलिकॉन कार्बाइडचा, लेथवरच्या कार्बाइड टिप, म्हणजे धातू कापायची फार कडक टोकं, घासायला असतो. तो खरंच जास्त कडक आहे पण पोलादावर त्याचे खडे लवकर बोथट होतात, म्हणजे कडक असून उपयोग नाही. पोलादाला ॲल्युमिनियम ऑक्साइड, त्यात करडा म्हणजे साधा आणि पांढरा म्हणजे जास्त शुद्ध. पांढऱ्याचे खडे ठिसूळ असतात, पटकन तुटून नवीन टोक काढतात, म्हणून गार कापतो. मशीनबरोबर फुकट येतो तो करडा बहुतेक घट्ट बंधाचा असतो, साध्या मऊ लोखंडासाठी ठीक.

ते अक्षरांचं असं, पहिलं अक्षर खड्याचं, ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, डब्ल्यूए म्हणजे त्यातला पांढरा, सी किंवा जीसी म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. ६० हा खड्याचा नंबर, नंबर वाढेल तसा खडा बारीक. के ही ग्रेड, ए पासून झेड पर्यंत मऊ ते घट्ट, आणि हे घट्टपण खड्याचं नाही तर बंधाचं असतं, यात फार जण फसतात. पाणी दिलेल्या कडक पोलादाला मऊ दगड आणि मऊ लोखंडाला घट्ट दगड, ऐकायला उलटं वाटतं, पण वर कळव्याच्या पत्राला लिहिलंय ते आठवा, कडक पोलाद खडे लवकर बोथट करतं म्हणून ते लवकर सुटले पाहिजेत. सुऱ्यांना जे किंवा के चांगलं. पाच म्हणजे खडे किती दाट बसवलेत ते, आणि व्ही म्हणजे भट्टीत भाजलेला चिनीमातीसारखा बंध, बी म्हणजे रेझिन.

तुम्ही ऐरोलीचे म्हणून सांगतो, हे सगळं आपल्याला परकं नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा निसर्गात सापडणारा दगड म्हणजे आपला कुरुंद, आणि इंग्रजीतला कोरंडम हा शब्दही तमिळ-संस्कृतातून तिकडे गेलेला. त्यावरूनच पुढे कार्बोरंडम नाव पडलं, १८९१ साली अमेरिकेत अ‍ॅचेसन नावाचा माणूस माती आणि कोक विजेने तापवून कृत्रिम हिरा करायला बघत होता, हिरा झाला नाही पण सिलिकॉन कार्बाइड हाती आलं, त्याला वाटलं कार्बन आणि कुरुंद मिळून काहीतरी झालंय. आणि तुमच्यापासून फार लांब नाही, उरणजवळ मोऱ्याला, ग्राइंडवेल नॉर्टनचा कारखाना आहे, ती कंपनी १९४१ पासून दगड बनवते. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरणाऱ्या किती लोकांना माहीत असेल.

घोडबंदरला तळमजल्याला गाळा आहे. मागच्या पावसात गाळ्यात पाणी शिरलं, खोक्यातले ग्राइंडिंग व्हील आणि कटिंगच्या चकत्या भिजल्या. वाळवून वापरल्या तर चालतील? (घोडबंदर रोड)

दोन्ही वेगळे धरा. भाजलेल्या बंधाचे जाड दगड, ज्यावर व्ही लिहिलंय, ते पाण्याने लगेच खराब होत नाहीत. स्वच्छ धुऊन सावलीत पंख्याखाली चांगले आठवडाभर सुकवा, उन्हात किंवा शेगडीजवळ नको, आणि मग एकेक वाजवून बघा. वजन नवीन इतकंच झालं का तेही बघा. पण रेझिनच्या पातळ चकत्या, त्या मात्र टाकून द्या, पैसे गेले तर गेले. ओलीने रेझिनचा बंध कमजोर होतो आणि ते बाहेरून कळत नाही. रेझिनच्या चकत्यांना तर एक्स्पायरीही असते, मधल्या पत्र्याच्या कडीवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, बनवल्यापासून तीन वर्षं धरतात. दुकानातून घेताना ती कडी वाचूनच घ्या, आपल्याकडच्या दमट हवेत माळ्यावर पडून राहिलेला माल सर्रास विकला जातो.

या वर्षी सगळं वरच्या फळीवर. जाड दगड उभे, खाली फडकं, पातळ चकत्या सपाट पत्र्यावर आडव्या, आणि त्यावर पाने-हातोडे ठेवायचे नाहीत.

पाण्याच्या कुंडीत सावकाश फिरणारा दगड घेतलाय. रात्रभर तसाच राहिला, सकाळी चालू केला तर धडधडतोय. (कोपरखैरणे)

खालचा अर्धा भाग पाणी पिऊन जड झालाय. कुंडी काढून रिकामा फिरत ठेवा, पाणी सारखं होईल, मग पूर्ण वाळू द्या. यापुढे काम झालं की लगेच कुंडी खाली करायची. धडधड नंतरही राहिली तर गोलाई गेली असेल, त्या मशीनचं ट्रूइंगचं हत्यार मिळतं त्याने गोल करा.

ॲल्युमिनियमचं भांडं, पितळेची कडी घासली तर काय होतं? (कोपरी)

दगड भरतो, भरलेला दगड तापतो, तापलेला तडकतो. त्यात ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाची पूड एकत्र साठली आणि ठिणगी पडली तर भडका उडतो, तो पाण्याने विझत नाही. फाइल वापरा.

सीबीएन व्हील खूप महाग आहे पण ड्रेसिंगच लागत नाही म्हणतात. खरं का? (सानपाडा)

खरं आहे. सीबीएन म्हणजे क्यूबिक बोरॉन नायट्राइड, हिऱ्याच्या खालोखाल कडक, १९५७ मध्ये पहिल्यांदा बनवलं. हिरा गरम लोखंडात स्वतःच विरघळून झिजतो, कारण तो कार्बन आहे, सीबीएनला तो त्रास नाही. धातूच्या चाकावर खड्यांचा थर असतो त्यामुळे फुटत नाही, झिजून लहान होत नाही, कोन कायम राहतो. रोज शंभर सुऱ्या करणाऱ्याला पैसे वसूल होतील. पण त्यावर मऊ लोखंड, खिळे, ॲल्युमिनियम लावलं तर भरून बसतं, आणि ड्रेसर तर कधीच लावायचा नाही, एका फेरीत थर जाईल. गाळ्यात चार जण येऊन काहीही घासत असतील तर घेऊ नका, पांढरा दगड आणि ड्रेसरच बरा.

मी आयटीआयला आहे. ग्राइंडरवर हातमोजे घातले तर सर ओरडतात, चष्मा नाही घातला तरी ओरडतात. आणि जिथे ट्रेनिंगला जातो तिथले जुने लोक काहीच घालत नाहीत. नक्की काय करायचं? (ठाणे)

तुझे सर बरोबर आहेत, दोन्हींना. कापडी मोजा दगड आणि रेस्टच्या फटीत अडकला की बोटासकट आत ओढतो, तसंच ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातली साखळी. मोकळा हात, बाह्या दुमडलेल्या. बफवर, म्हणजे चकाकी आणायच्या कापडी चाकावर, तर अजून एक गोष्ट, धारेची बाजू बफ फिरतो त्याच दिशेला, म्हणजे बफपासून लांब पळणारी हवी, उलटी धरलीस तर कापड पातं हिसकावतं आणि ते तुझ्याकडेच येतं.

ट्रेनिंगच्या जागी अजून एक बघ. १९४८ च्या कारखाना कायद्याचं (त्याची जागा २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने घेतली) कलम ३० सांगायचं की ग्राइंडिंगच्या प्रत्येक मशीनजवळ दगडाचा सुरक्षित कमाल वेग आणि शाफ्टचा वेग लिहिलेली पाटी कायम लावलेली पाहिजे. ती आहे का बघ, नसेल तर शांतपणे विचार, शिकाऊ पोराने विचारलं तर कोणी रागावत नाही.

चष्म्याचं मी स्वतःचं सांगतो. सत्तावीस-अठ्ठावीसचा होतो, एकच सुरी आहे म्हणून चष्मा न लावता बसलो. डोळ्यात बारीक कण गेला, वाटलं पाण्याने निघेल, रात्रभर चोळत बसलो, सकाळी डोळा लाल. डॉक्टर म्हणाले लोखंडाचा कण बुबुळावरच्या काचेत रुतलाय आणि भोवती गंजाचं वर्तुळ धरलंय. थेंब घालून डोळा बधिर केला, बारीक सुईने कण काढला, मग छोट्या फिरत्या टोकाने तो गंज खरवडला, सगळं समोर दिसत असताना. गंज पूर्ण निघाला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. कण गेलाच तर चोळू नकोस, मित्राला रुमालाच्या टोकाने काढायला लावू नकोस, सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, त्याच दिवशी.